गावठी गुलाब: वास कुठे गेला आणि अंगणात परत कसा आणायचा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)

आजचा विषय गुलाबाचा आहे, पण प्रदर्शनातल्या गुलाबाचा नाही. लांब देठ, टोकदार कळी, बक्षिसाची फीत, ते सगळं आज बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते परसातल्या, झुडूप होऊन वाढणाऱ्या, वासाच्या गुलाबाबद्दल. आपण ज्याला गावठी गुलाब, देशी गुलाब किंवा गुलकंदाचा गुलाब म्हणतो, त्याबद्दल.

सुरुवात नावापासून करू. 'गुलाब' हा शब्द फारसीतून आला. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे मूळ फारसीत गुलाब हे फुलाचं नाव नाहीच, ते गुलाबपाण्याचं नाव आहे. फुलाला ते लोक नुसतं 'गुल' म्हणतात. आपल्याकडे पाणी आणि फूल दोन्ही आलं आणि आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं. मग पाण्यासाठी वेगळा शब्द लागला, म्हणून 'गुलाबपाणी', म्हणजे पाणी दोनदा. गुलकंदही तसाच, गुल आणि कंद, म्हणजे फूल आणि साखर. यातून काय दिसतं? या फुलाची आपल्याला पहिली ओळख झाली ती वासामुळे. आणि आज दुकानातला गुलाब हातात घेतला, नाकाशी नेला, की बहुतेक वेळा काहीच येत नाही. हे का झालं आणि आपण घरच्या घरी त्यावर काय करू शकतो, एवढेच दोन प्रश्न आज घ्यायचे आहेत.

जुना गुलाब कशाला म्हणायचं?

गुलाबाच्या जगात एक रेघ मारलेली आहे, ती १८६७ सालची. त्या वर्षी फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आला. तो पहिला हायब्रिड टी मानतात. आज नर्सरीत मिळणारे बहुतेक मोठ्या फुलाचे गुलाब याच घराण्यातले. त्या सालाआधी जी घराणी होती त्यांना 'जुने गुलाब' म्हणायची पद्धत आहे. गंमत म्हणजे 'ला फ्रान्स'ला स्वतःला भरपूर वास होता. तेव्हा 'नवा आला आणि वास गेला' इतकं सरळ हे प्रकरण नाही.

जुन्यांमध्ये आपल्या कामाची घराणी दोन. पहिलं दमास्क. दमास्कस शहरावरून नाव पडलं. गुलाबाचं अत्तर आणि गुलाबपाणी मुख्यतः याचं. बल्गेरियातलं कझानलक, इराणमधलं काशान, आपल्याकडे उत्तर प्रदेशात हाथरस-अलीगढचा पट्टा आणि राजस्थानात हळदीघाटी, खमनोर, पुष्कर, इथे हाच गुलाब शेतात लावतात. २००० साली जपानी संशोधकांनी याची जनुकं तपासली. तेव्हा कळलं की दमास्कच्या रक्तात तीन जाती आहेत: एक युरोप आणि पश्चिम आशियातली गॅलिका, दुसरी कस्तुरी गुलाब म्हणतात ती मोशाटा आणि तिसरी मध्य आशियातली फेड्चेन्कोआना. त्यांनी चार जुने दमास्क गुलाब तपासले आणि चौघांच्या जनुकांत त्यांना फरक सापडला नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ही झाडं बियांतून आलेली नाहीत. कुणीतरी एक फांदी तोडली, लावली, शेजाऱ्याला दिली, आणि ती शेकडो वर्षं हातोहात फिरत राहिली. हा मुद्दा मी पुढे परत घेणार आहे.

दुसरं घराणं बूरबाँ. हिंदी महासागरात आज रीयुनियन म्हणतात ते बेट आहे, त्याचं जुनं नाव इल बूरबाँ. तिथले शेतकरी कुंपणाला गुलाब लावायचे. दोन प्रकार शेजारी शेजारी होते, एक दमास्क आणि दुसरा चिनी. मधमाश्यांनी त्यांचा संकर केला आणि कुंपणातच एक वेगळं रोप उगवलं. १८१७ च्या सुमारास ब्रेआँ या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या ते नजरेत आलं, आणि तिथून त्याच्या बिया पॅरिसला गेल्या. या गुलाबाला तिथे 'रोझ एदुआर' म्हणत. आपल्याकडे तो झाला 'एडवर्ड गुलाब'. तमिळनाडूत हाच पन्नीर रोजा, हारात घालतात तो. पन्नीर म्हणजे तिकडे गुलाबपाणी, तेव्हा तिथेही नाव पाण्यावरूनच पडलं. आपल्या परसात गुलाबी रंगाचा, झुबक्यात येणारा, वर्षातून अनेकदा फुलणारा जो गावठी गुलाब असतो, तो पुष्कळदा या एडवर्डच्या गोतावळ्यातला असतो.

यातल्या चिनी गुलाबाबद्दल एक सांगतो. चीनमधले गुलाब अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात गेले ते कलकत्त्याच्या वाटेनं. म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'बंगालचा गुलाब' म्हणायला लागले. या गुलाबांनी जगाला काय दिलं? पुन्हा पुन्हा फुलणं. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे. चिनी गुलाबात फुलोरा रोखून धरणारं एक जनुक बिघडलेलं आहे, म्हणून तो थांबतच नाही. ही सवय पुढच्या बहुतेक गुलाबांत उतरली.

वास असतो कुठे, आणि गेला कुठे?

वास पाकळीत असतो. पाकळीच्या पेशींमध्ये तो तयार होतो आणि तापमान वाढलं की उडून जातो. म्हणून अत्तराची फुलं पहाटे तोडतात. ऊन चढेल तसं तेल कमी होत जातं. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि फेनिल इथेनॉल हे त्या वासातले मोठे भिडू. यातलं फेनिल इथेनॉल पाण्यात बरंच विरघळतं. त्यामुळे फुलं पाण्यात उकळून वाफ थंड केली, की तेल वर तरंगतं आणि फेनिल इथेनॉल मात्र पाण्यातच राहतं. गुलाबपाण्याचा आणि अत्तराचा वास वेगळा का, तर यामुळे. पाण्यावर तरंगणाऱ्या या तेलाची नोंद जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत केली आहे आणि त्याचं श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. तेल निघतं किती? एक किलो तेलासाठी साधारण ३ ते ५ हजार किलो फुलं लागतात.

आता वास गेला कसा. पॉलिहाउसमधला गुलाब घ्या. मावळात तळेगावच्या बाजूला त्याची मोठी शेती आहे. त्या शेतकऱ्याला हवं काय? देठ लांब हवा, कळी घट्ट हवी, खोक्यात बसून परदेशात पोचली तरी टिकायला हवी. पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच गुणांवर निवड केली. वास कुणी मुद्दाम काढला नाही. त्याच्यासाठी कुणी निवड केली नाही, एवढंच. आणि ज्या गुणासाठी निवड होत नाही, तो चार-सहा पिढ्यांत हातातून निसटतो.

२०१५ साली फ्रेंच संशोधकांनी दोन लाल गुलाबांची तुलना केली, 'पापा मेयाँ' आणि 'रूज मेयाँ'. पहिल्याला दणकून वास, दुसऱ्याला जवळपास नाही. फरक सापडला एका एन्झाइममध्ये. जिरॅनिऑल तयार करण्याच्या वाटेवरचं हे एन्झाइम वासाच्या गुलाबात जोरात काम करतं आणि दुसऱ्यात ते जवळपास गप्प असतं. म्हणजे खत बदलून, औषध फवारून बिनवासाच्या गुलाबाला वास आणता येत नाही. तो जातीत असावा लागतो. तेव्हा वासाचा गुलाब हवा असेल तर पहिलं काम योग्य झाड मिळवणं.

आपल्याकडे कोणता लावायचा?

इथे बरेच लोक फसतात. अत्तराचा म्हणून हौसेनं दमास्क मागवतात. रोप येतं, वाढतं, हिरवंगार होतं आणि फुलत नाही. कारण साधं आहे. दमास्कला थंडी लागते. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत छाटणी होते, थंडी अंगावर घेऊन झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. चैत्रात येतो म्हणून तिकडे त्याला चैती गुलाब म्हणतात. पुण्याची थंडी त्याला पुरत नाही, कोकणात तर प्रश्नच नाही.

म्हणून आपल्यासाठी एडवर्ड आणि त्याच्या जवळचे गावठी गुलाब. हे उष्णता सोसतात, थंडीवाचून फुलतात आणि छाटणीला लगेच दाद देतात. ओळख सांगतो. फूल मध्यम, रंग गुलाबी, पाकळ्या पुष्कळ पण सैल. फुलं एकेकटी कमी, झुबक्यानं जास्त. आणि मुख्य खूण म्हणजे फूल फुलदाणीत टिकत नाही, दीड-दोन दिवसांत पाकळ्या गळतात. नर्सरीत 'गावठी' म्हणून काहीही खपवतात, तेव्हा झाड फुलावर असताना सकाळी जा, वास घ्या आणि मग विकत घ्या. फोटो बघून घेऊ नका.

हायब्रिड टीमध्येही वासाचे आहेत, 'पापा मेयाँ' आहे, 'डबल डिलाइट' आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या गुलाबांचा वास आणि नव्यांचं पुन्हा पुन्हा फुलणं एकत्र आणायचं काम केलं. त्यांचा पहिला गुलाब १९६१ चा, 'कॉन्स्टन्स स्प्राय'. पण तो वर्षातून एकदाच फुलायचा, पुन्हा फुलणारे त्यांना नंतर साधले. ते गुलाब सुंदर आहेत, पण थंड हवेत तयार झालेले आहेत. आपल्या एप्रिल-मेमध्ये त्यांची फुलं लहान होतात, करपतात. हौस असेल तर एखादा जरूर लावा, पण भिस्त गावठीवर ठेवा.

जागा, माती, खड्डा

जागा सहा तास उन्हाची हवी, त्यातही सकाळचं ऊन पडेल अशी. सकाळी पानावरचं दव लवकर वाळलं तर निम्मे रोग टळतात. काळ्या ठिपक्यांच्या रोगाची बुरशी रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं राहावं लागतं. म्हणून पाणी बुंध्याशी द्यायचं, आणि संध्याकाळी झाडाला पाइपनं अंघोळ घालायची नाही.

देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना ते चालत नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत पोयटा, थोडी जाडसर वाळू आणि दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. निंबोळी पेंड दोन मुठी. खड्डा भरून वर वीतभर उंचवटा करा, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्याशी साठणार नाही. कोकणात माती निचऱ्याची असते, पण पाऊस इतका की उंच वाफा किंवा वळचणीबाहेरची, पागोळ्या पडत नाहीत अशी जागा बघावी लागते.

आता एक लोकप्रिय सल्ला तपासू. अंड्याची टरफलं घाला, हाडांचं खत घाला, असं सर्रास सांगतात. टरफलं म्हणजे चुना. देशावरच्या मातीत चुना आधीच जास्त आहे, म्हणून तर गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे झाडाला मिळत नाही. तिथे आणखी चुना कशाला? हाडांच्या खतातलं स्फुरदही आम्लधर्मी मातीतच नीट विरघळतं. कोकणातल्या जांभ्या मातीत त्याचा उपयोग आहे, काळ्या मातीत फारसा नाही. माती बघून सल्ला घ्यायचा, एवढंच म्हणणं आहे.

छाटणी आणि वाकवणी

आपल्याकडे मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तिथून साधारण दीड महिन्यानं बहर येतो. हायब्रिड टी निम्म्यापर्यंत छाटतात. गावठीला तसं छाटू नका. वाळलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा आणि राहिलेल्या एकतृतीयांश कमी करा. काप बाहेरच्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. जाड फांदीच्या कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर, लोखंडी नाही तर प्लास्टिकच्या भांड्यात. उघड्या कापातून फांदी वरून खाली काळी पडत जाते, ते यानं थांबतं.

गावठी गुलाब लांब लांब फोक सोडतो. लोक वैतागून ते कापून टाकतात. कापू नका, वाकवा. फोक उभा असतो तेव्हा शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, म्हणून फुलं फक्त टोकाला येतात. तोच फोक हळूहळू आडवा करून खुंटीला किंवा कुंपणाला बांधला, की शेंड्याचा दाब कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फूट येते, प्रत्येक फुटीला फुलं. नवा, हिरवा फोकच वाकतो, जुना मोडतो.

छाटणीनंतर घमेलंभर शेणखत आणि भरपूर पाणी. युरियाचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की पानं माजतात, त्यांवर मावा येतो आणि फुलं राहतात बाजूला. उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन द्या. फक्त ते खोडाला चिकटवू नका, आणि वाळवीवर लक्ष ठेवा.

फांदी वाचवा

आता मघाचा मुद्दा. गावठी गुलाबाची बी लावली तर तोच गुलाब येत नाही, कारण तो मुळातच संकर आहे. तो पुढे जातो फक्त फांदीनं. म्हणजे एखाद्या परसातलं झाड मेलं आणि त्याची फांदी कुणी नेलेली नसेल, तर तो विषय संपला. आज आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत जुनी घरं, वाडे रोज पाडले जात आहेत. भांडीकुंडी, दरवाजे, झोपाळ्याच्या कड्यासुद्धा लोक काढून नेतात. विहिरीजवळचा गुलाब मात्र पोकलेनखाली जातो. तो कुणी, कधी, कुठून आणला हे कुणालाच माहीत नसतं, आणि तसा दुसरा नर्सरीत मिळेलच असं नाही.

तेव्हा घर पाडायचं ठरल्याबरोबर फांद्या घ्या. जुनं झाड मुळासकट उपटून नेणं बहुधा साधत नाही, छाट कलम साधतं. उत्तम काळ पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत. नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. वीतभर लांबीचे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली घ्या, कारण मुळं तिथून फुटतात. वरचा काप तिरका, खालचा सरळ असा नेम ठेवा, म्हणजे उलटं लावायची भीती नाही. वरचं एखादं पान ठेवून बाकी पानं काढा. मुळं फुटायची पावडर मिळाली तर खालच्या टोकाला लावा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट किंवा पोयटा, अशा मिश्रणात दोन डोळे आत जातील असं खोचा. सावलीत ठेवा. ओल हवी, चिखल नको. आठवड्या-दोन आठवड्यांत पालवी फुटते. त्यावर भुलू नका, ती फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते. मुळं यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर उपटून बघायचं नाही!

एक तुकडा लावून थांबू नका, दहा लावा. जगतील त्यांतलं एक स्वतःकडे ठेवा आणि बाकीची वाटा. आपलं मेलं तर परत मागायला घर असावं. दमास्क इतकी शतकं टिकला तो असाच.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: नर्सरीतून आणलेला लाल गुलाब दोन वर्षांनी वेगळाच झाला. फुलं बदलली. असं का?*

झाड बदललेलं नाही, मालक बदललाय. नर्सरीत जंगली किंवा दणकट गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून कलम करतात. कलमाच्या गाठीच्या खालून फूट आली की ती खुंटाची. ती जोरात वाढते आणि वरच्या कलमाला उपाशी मारते. अशी फूट दिसली की माती बाजूला करून, जिथून निघाली तिथून ओढून काढा. नुसती कापली तर पुन्हा येते. गंमत म्हणजे एडवर्ड गुलाबही काही ठिकाणी खुंट म्हणून वापरतात. त्यामुळे खालून आलेल्या फुटीला सुवासिक गुलाबी फुलं आली, तर टाकण्याआधी दोनदा विचार करा. फांदीवर लावलेल्या गावठीत ही भानगडच नाही, मुळापासून फुटला तरी तो तोच.

*प्रश्न: बाजारात गुलाब स्वस्त झाले की त्यांचा गुलकंद केला तर चालेल का?*

करू नका, ताई. फुलबाजारातला गुलाब खाण्यासाठी पिकवलेला नसतो. तोडणीपर्यंत त्यावर औषधं मारलेली असतात, आणि वास नसल्यामुळे गुलकंद होईल तोही नुसता साखरेचा. घरच्या, न फवारलेल्या गावठी गुलाबाची फुलं सकाळी तोडा, पाकळ्या धुऊन सावलीत कोरड्या करा. पाकळ्या जेवढ्या, वजनानं तेवढी खडीसाखर. काचेच्या बरणीत थरावर थर देऊन तीन-चार आठवडे उन्हात ठेवा. मधूनमधून कोरड्या चमच्यानं हलवा.

*प्रश्न: माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे. जमेल?*

जमेल. कुंडी किमान चौदा-पंधरा इंचांची, खाली भोकं मोकळी, आणि ऊन चार तास तरी हवं. फुलं जमिनीपेक्षा कमी येतील. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. दर वर्षी छाटणीच्या वेळी वरची दोन-तीन इंच माती काढून नवी खतमाती भरा. लांब फोक रेलिंगला आडवे बांधा. चौथ्या मजल्यावरही सकाळी दार उघडल्यावर वास येतो, तेवढा एका झाडाला पुरतो.

आणि यंदा दिवाळीच्या आसपास कुणाकडे जुना गुलाब दिसला, तर फुलाबरोबर एक फांदीही मागून आणा.